लिनक्स आणि बीएसडीवरील सॉफ्टवेअर अद्ययावत कसे ठेवावे

युनिक्स-धर्तीच्या प्रणालीवर एकाच कमांडने शेकडो पॅकेजे नवी करता येतात. ही सोय इतकी अंगवळणी पडते, की कमांड चालवली म्हणजे यंत्र अद्ययावत झाले असे आपण धरून चालतो. हा समज दोन ठिकाणी फसतो. एक तर, त्या कमांडला यंत्रावरचे सगळेच सॉफ्टवेअर माहीत असते असे नाही. आणि दुसरे म्हणजे, डिस्कवरची फाइल बदलली तरी मेमरीत चालू असलेला प्रोग्राम जुनाच राहू शकतो. पुढचे बरेचसे विवेचन या दोन प्रश्नांभोवती आहे. कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

कोणते सॉफ्टवेअर कुठून आले

कोणताही प्रोग्राम अद्ययावत ठेवायचा, तर तो यंत्रावर कोणत्या वाटेने आला हे आधी माहीत असावे लागते. डेबियन आणि उबंटूवर 'डीपीकेजी -एस' (यातला 'S' मोठ्या लिपीत), फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळातील प्रणालींवर 'आरपीएम -क्यूएफ', तर आर्चवर 'पॅकमॅन -क्यूओ' ('Q' मोठ्या लिपीत) या कमांडला फाइलचा पूर्ण मार्ग दिला, की ती फाइल कोणत्या पॅकेजची आहे ते कळते. समजा 'व्हिच नोड' या कमांडने '/यूएसआर/लोकल/बिन/नोड' असा मार्ग दाखवला आणि 'डीपीकेजी -एस'ने त्या मार्गाशी जुळणारे काहीच सापडत नाही असे सांगितले, तर तो प्रोग्राम पॅकेज व्यवस्थापकाच्या हिशेबातच नाही. डेबियनचा पॅकेज व्यवस्थापक 'ॲप्ट' दररोज चालवला तरी तो नवा होणार नाही. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्यावा: अलीकडच्या प्रणालींत '/बिन' ही निर्देशिका '/यूएसआर/बिन'कडे नेणारा दुवा असते, आणि काही पॅकेजांच्या नोंदी अजून जुन्या मार्गाने केलेल्या असतात, म्हणून एका मार्गाने शोध रिकामा आला तर दुसऱ्या मार्गानेही विचारून पाहावे.

अशी तपासणी केली, की बहुतेक यंत्रांवर अपेक्षेपेक्षा अधिक वाटा आढळतात. वितरणाची (म्हणजे डेबियन, फेडोरा अशा तयार प्रणालीची) स्वतःची भांडारे, जेथून पॅकेजे उतरवली जातात, एखाद्या उत्पादकाने जोडायला सांगितलेले बाहेरचे भांडार, स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या स्वतंत्र पॅकेज-पद्धती, पायथनचा 'पिप' आणि नोडचा 'एनपीएम', कुणी तरी स्रोतावरून संकलित करून '/यूएसआर/लोकल'मध्ये ठेवलेले प्रोग्राम, '/ऑप्ट'मध्ये उलगडलेल्या टारफाइली, आणि शेवटी कंटेनरच्या प्रतिमा (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेले गठ्ठे). यातल्या प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे आणि जबाबदार माणूसही वेगळा. यंत्र एकाहून अधिक जण सांभाळत असतील, तर ही यादी एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवावी.

यादी ताजी करणे आणि पॅकेजे नवी करणे

डेबियनच्या कुळात ही दोन कामे स्पष्टपणे वेगळी ठेवलेली आहेत. 'ॲप्ट अपडेट' कोणतेही सॉफ्टवेअर बदलत नाही. ते भांडारात काय उपलब्ध आहे याची ताजी यादी तेवढी आणते. 'ॲप्ट अपग्रेड' त्या यादीप्रमाणे पॅकेजे नवी करते, गरज पडल्यास नवी पॅकेजे बसवते, पण बसवलेले एकही पॅकेज काढून टाकत नाही. काढल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर ते पॅकेज जुन्या आवृत्तीवरच रोखून धरते. 'ॲप्ट फुल-अपग्रेड'ला काढून टाकण्याचीही मुभा असते, म्हणून त्याचे उत्तर वाचल्याशिवाय होकार देऊ नये. रोजच्या वापरात 'अपग्रेड' पुरते, आणि रोखलेल्या पॅकेजांची संख्या वाढत चालली की मगच 'फुल-अपग्रेड'कडे वळावे, असे माझे मत आहे.

'अपडेट'च्या वेळी सहीविषयी इशारा आला, तर तो डोळे झाकून पुढे ढकलू नये. भांडाराच्या मुख्य सूचीवर सही असते, त्या सूचीत पॅकेज-याद्यांचे हॅश (मजकूर बदलला तर बदलणारे ठसे) असतात आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. म्हणजे सगळा विश्वास त्या एका सहीवर उभा आहे. किल्लीची मुदत संपली असेल तर नवी किल्ली अधिकृत मार्गाने मिळवावी. भांडाराच्या नोंदीत 'ट्रस्टेड=येस' लिहून इशारा गप्प करण्याची युक्ती बरेच जण सुचवतात; ती स्वीकारू नये.

फेडोराच्या कुळात 'डीएनएफ अपग्रेड' दोन्ही कामे एकत्र करते. आर्चवर 'पॅकमॅन -एसवाययू' ('S' मोठ्या लिपीत) हीच योग्य कमांड, आणि तिचे तुकडे पाडणे धोक्याचे असते. 'पॅकमॅन -एसवाय' करून एखादेच पॅकेज बसवले, तर ते पॅकेज नव्या लायब्ररीवर अवलंबून असते आणि बाकीची प्रणाली जुन्या लायब्ररीवर राहते. आर्च अशा अर्धवट अद्ययावत स्थितीची जबाबदारी घेत नाही.

फ्रीबीएसडीच्या पारंपरिक रचनेत मूळ प्रणाली आणि बाहेरून बसवलेली पॅकेजे हे दोन स्वतंत्र संसार आहेत. मूळ प्रणालीसाठी 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच इन्स्टॉल', पॅकेजांसाठी 'पीकेजी अपग्रेड', आणि बसवलेल्या पॅकेजांपैकी कशात ज्ञात त्रुटी आहेत ते पाहण्यासाठी 'पीकेजी ऑडिट -एफ' ('F' मोठ्या लिपीत). ओपनबीएसडीवर हीच विभागणी 'सिसपॅच' आणि 'पीकेजी_ॲड -यू' अशी आहे. मॅकओएसवर मूळ प्रणाली 'सॉफ्टवेअरअपडेट'कडे, तर होमब्रू या बाहेरच्या पॅकेज व्यवस्थापकाने आणलेले सारे 'ब्रू अपडेट' आणि 'ब्रू अपग्रेड'कडे असते. नव्याने आलेले लोक यातला एकच भाग नवा करून थांबतात, हे वारंवार दिसते.

आवृत्तीचा क्रमांक पाहून निष्कर्ष काढू नये

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली 'हार्टब्लीड' ही त्रुटी एप्रिल २०१४मध्ये उघड झाली. मूळ प्रकल्पाच्या १.०.१पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्या तिने बाधित होत्या आणि दुरुस्ती १.०.१जीमध्ये आली. पण डेबियन ७च्या वापरकर्त्याला दुरुस्त झालेले पॅकेज मिळाले त्याचा क्रमांक होता '१.०.१ई-२+डीईबी७यू५'. क्रमांकातले 'ई' अक्षर पाहिले तर पॅकेज बाधित वाटते. शेवटचे 'यू५' पाहिले तर ते दुरुस्त आहे हे कळते. स्थिर वितरणे मूळ आवृत्ती न बदलता केवळ दुरुस्तीचा तुकडा मागे आणून जुन्या आवृत्तीत बसवतात, त्याचा हा परिणाम. त्यामुळे केवळ क्रमांक वाचून 'तुमचे सॉफ्टवेअर जुने आहे' असा अहवाल देणारी स्कॅनर साधने स्थिर वितरणांवर पुष्कळदा खोटी हाकाटी करतात. खरे उत्तर 'ॲप्ट चेंजलॉग' किंवा 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग' या कमांडने मिळणाऱ्या बदलांच्या नोंदीत असते. तेथे त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (ज्ञात त्रुटींना दिला जाणारा ओळख-क्रमांक) शोधावा.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. २९ मार्च २०२४ रोजी ॲन्ड्रेस फ्रॉइंड यांनी 'एक्सझेड' या संकोचन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम लपवलेले मागचे दार असल्याचे जाहीर केले. एसएसएच या दूरच्या यंत्रावर जाण्याच्या साधनाच्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो आहे, एवढ्यावरून त्यांनी त्याचा माग काढला होता. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेत नव्हत्या. म्हणून सर्व्हरवर सुरक्षेच्या दुरुस्त्या विनाविलंब घ्याव्यात, परंतु केवळ नवेपणाच्या हौसेने चाचणी शाखेची भांडारे जोडू नयेत.

कमांड चालवण्यापूर्वी

काय बदलणार आहे ते आधी पाहावे. 'ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल', 'डीएनएफ चेक-अपग्रेड' आणि 'ब्रू आउटडेटेड' ही त्यासाठीची साधने. यादीत डेटाबेस, वेब सर्व्हर, कर्नल (प्रणालीचा गाभा) किंवा 'जीलिबसी' (बहुतेक प्रोग्राम वापरतात ती सी भाषेची मूळ लायब्ररी) असेल, तर सेवा थोडा वेळ बंद राहील हे धरूनच वेळ निवडावी. 'डीएफ -एच' चालवून '/बूट'मध्ये जागा आहे का तेही पाहून घ्यावे. जुने कर्नल साचून हे विभाजन भरले की नव्या कर्नलला यंत्र सुरू होताना लागणारा इनिट-रॅम फाइलसंच अर्धवट लिहिला जातो आणि अपग्रेड मध्येच अडकते. डेबियनवर 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' निकामी झालेले जुने कर्नल काढते. मात्र सध्या चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक चालणारा कर्नल यंत्रावर राहिला आहे, याची खात्री करावी.

दूरच्या यंत्रावर काम करत असाल, तर 'टीमक्स' किंवा 'स्क्रीन'च्या सत्रातच अपग्रेड सुरू करावे. जोडणी तुटली तरी आतले काम चालू राहते, आणि पुन्हा लॉगिन करून ते सत्र उघडता येते. बॅकअप हवाच, शिवाय फाइलप्रणाली बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असेल, तर आधी एक स्नॅपशॉट (फाइलींच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेण्याला काही सेकंदच लागतात. फ्रीबीएसडीवर 'बीईसीटीएल'ने बूट-पर्यावरणाची प्रत करून ठेवली, की बिघाड झाल्यास जुन्या स्थितीतून यंत्र सुरू करता येते.

कॉन्फिगरेशन फाइलीचा प्रश्न

अपग्रेड मध्येच थांबून एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलीबद्दल विचारते, तेव्हा बरेच जण गोंधळून एंटर दाबतात. हा प्रश्न केव्हा येतो ते कळले, की उत्तर देणे सोपे जाते. फाइल आपण कधीच बदललेली नसेल तर डीपीकेजी मुकाट्याने नवी फाइल बसवते. आपण बदललेली असेल पण पॅकेजमधली प्रत पूर्वीसारखीच असेल, तर आपली फाइल मुकाट्याने राहू देते. दोन्हीकडे बदल झालेले असतील तरच विचारणा होते. 'वाय' किंवा 'आय' म्हणजे पॅकेजची नवी फाइल, 'एन' किंवा 'ओ' म्हणजे आपली जुनी, 'डी' म्हणजे दोहोंतला फरक, आणि 'झेड' म्हणजे परिस्थिती तपासायला शेल. नुसते एंटर दाबले तर आपली फाइल कायम राहते.

प्रथम नेहमी 'डी' दाबावे. समजा '/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग'मध्ये आपण पासवर्डने लॉगिन बंद केले आहे आणि फरकाच्या यादीत ती ओळ वजा चिन्हाने दिसते आहे. तर 'वाय' म्हटल्यावर ते बंधन उडेल आणि सर्व्हर पुन्हा पासवर्ड स्वीकारू लागेल. अशा वेळी आपली फाइल ठेवावी आणि नव्या प्रतीतले उपयुक्त बदल नंतर हाताने आणावेत. आपली फाइल ठेवल्यावर पॅकेजची नवी प्रत '.डीपीकेजी-डिस्ट' या शेपटासह शेजारीच पडून राहते. नवी घेतल्यास आपली जुनी '.डीपीकेजी-ओल्ड' होते. आरपीएम विचारत बसत नाही, ते थेट '.आरपीएमन्यू' किंवा '.आरपीएमसेव्ह' अशा प्रती ठेवते, आणि पॅकमॅन '.पॅकन्यू'. या फाइली महिनोन्‌महिने कुणी उघडून पाहत नाही, आणि मग एखादे दिवशी जुना पर्याय नव्या आवृत्तीने रद्द केल्यामुळे सेवा सुरूच होत नाही. 'फाइंड /ईटीसी' कमांडला ही शेपटे देऊन प्रत्येक अपग्रेडनंतर शोध घ्यावा. आर्चवर हेच काम 'पॅकडिफ' करते. यावर कायमचा उपाय असा, की जेथे सोय असेल तेथे मूळ फाइलीला हात न लावता शेजारच्या '.डी'ने संपणाऱ्या निर्देशिकेत स्वतःची छोटी फाइल ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रश्नच उद्भवत नाही.

अपग्रेड झाले, पण चालते आहे काय?

युनिक्समध्ये एखादी फाइल उघडी असताना ती हटवली किंवा तिच्या जागी नवी फाइल ठेवली, तरी ती धरून बसलेल्या प्रक्रियेला जुना मजकूर मिळत राहतो. निर्देशिकेतले नाव जाते, आशय मात्र शेवटची प्रक्रिया सोडेपर्यंत टिकतो. याच गुणामुळे चालत्या यंत्रावर लायब्ररी बदलता येते, आणि याच गुणामुळे दुरुस्ती बसवूनही त्रुटी जिवंत राहते. वेब सर्व्हर तीन महिन्यांपूर्वी सुरू झाला असेल, तर त्याने तीन महिन्यांपूर्वीची ओपनएसएसएल मेमरीत घेतलेली आहे. पॅकेजे बहुधा स्वतःची सेवा स्वतः पुन्हा सुरू करतात, पण केवळ लायब्ररी बदलली असेल तर तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या सेवा पुन्हा सुरू होतीलच असे नाही. हार्टब्लीडच्या वेळी डेबियनने पाठोपाठ '...यू६' हे पॅकेज काढले, त्याचा हेतूच मुळी बाधित सेवा शोधून त्या पुन्हा सुरू करायच्या का असे विचारण्याचा होता.

हे तपासण्याचा मूळ मार्ग सोपा आहे. 'सुडो एलएसओएफ'च्या उत्तरात 'डीईएल' अशी खूण असलेल्या ओळी पाहाव्यात, किंवा '/प्रॉक' निर्देशिकेत त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखाली 'मॅप्स' ही फाइल उघडावी. लायब्ररीच्या मार्गापुढे कंसात 'डिलीटेड' असे लिहिलेले असेल, तर ती प्रक्रिया डिस्कवर आता नसलेली लायब्ररी वापरत आहे. रोजच्या कामाला डेबियन-उबंटूवर 'नीडरीस्टार्ट' आणि फेडोराच्या कुळात 'डीएनएफ नीड्स-रीस्टार्टिंग' वापरावे. दुसऱ्या कमांडला '-आर' जोडले, की रीबूटची गरज आहे का एवढेच उत्तर मिळते.

सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी तिची कॉन्फिगरेशन तपासून घ्यावी: 'एसएसएचडी -टी', 'एन्जिन्एक्स -टी'. एसएसएचची सेवा पुन्हा सुरू करताना हातातले सत्र बंद करू नये. दुसऱ्या टर्मिनलमधून नवे लॉगिन होते हे पाहिल्यावरच पहिले सोडावे. 'डी-बस'सारख्या (प्रोग्रामांमधले निरोप पोहोचवणाऱ्या) पायाभूत सेवा एकेक करून सुरू करण्याच्या भानगडीत न पडता सरळ रीबूट करणे शहाणपणाचे.

कर्नलचे तर रीबूटशिवाय भागतच नाही. अपवाद लाइव्ह पॅचिंगचा, म्हणजे चालत्या कर्नलमध्येच दुरुस्ती बसवण्याचा, आणि तोही निवडक दुरुस्त्यांपुरता. 'यूनेम -आर' चालू कर्नलची आवृत्ती सांगते, ती बसवलेल्या सर्वांत नव्या कर्नलशी जुळवून पाहावी. उबंटूवर '/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड' ही फाइल दिसली की रीबूट बाकी आहे असे समजावे. फ्रीबीएसडीवर 'फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू' बसवलेला कर्नल, चालू कर्नल आणि बाकीची मूळ प्रणाली अशा तिन्हींच्या आवृत्त्या एकाखाली एक देते. पहिल्या दोन ओळींत फरक असेल तर रीबूट राहिला आहे. 'अपटाइम'चा मोठा आकडा ही काही मिरवण्याची गोष्ट नाही.

काही त्रुटी मात्र सेवा पुन्हा सुरू करूनही पुरत्या निस्तरत नाहीत. २००८मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलने बनवलेल्या किल्ल्या ओळखता येण्याइतक्या मोजक्या निघाल्या, तेव्हा पॅकेज दुरुस्त झाले तरी आधी बनलेल्या किल्ल्या कमकुवतच राहिल्या आणि त्या नव्याने बनवाव्या लागल्या. सुरक्षा-सूचनेचा मजकूर शेवटपर्यंत वाचावा तो यासाठी.

गाडे अडले तर

'लॉक मिळाला नाही' असा निरोप आला, तर बहुधा पार्श्वभूमीवर दुसरे अपग्रेड चालू असते. थांबावे, लॉकची फाइल हटवू नये, कारण दोन प्रक्रियांनी एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदी लिहिल्या तर त्या बिघडतात. अपग्रेड खरोखरच अर्ध्यात तुटले असेल, तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि त्यानंतर 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवावे. काय बदलले होते ते '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग'मध्ये तारखेसह मिळते. डीएनएफचा 'हिस्टरी अनडू' जुने पॅकेज भांडारात शिल्लक असेल तोवर बदल मागे घेऊ शकतो. एखादे पॅकेज तूर्त रोखायचे असेल तर 'ॲप्ट-मार्क होल्ड' आहे. पण रोखलेले पॅकेज सुरक्षेच्या दुरुस्त्यांनाही मुकते, म्हणून 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' अधूनमधून पाहत राहावे.

आपोआप अपडेट

घरचा संगणक असो वा सर्व्हर, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसू देणे हे हाताने करण्याची चालढकल होण्यापेक्षा बरे. डेबियन-उबंटूवर 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे काम करते. कोणत्या भांडारांतून घ्यायचे आणि रीबूट आपोआप करायचे का, हे '/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी' निर्देशिकेतल्या '५०अनअटेंडेड-अपग्रेड्स' या फाइलीत ठरते, आणि आपोआप रीबूट मुळात बंद असतो. 'डीएनएफ-ऑटोमॅटिक'च्या मूळ सेटिंगमध्ये पॅकेजे उतरवली जातात, बसवली जात नाहीत. 'अप्लाय_अपडेट्स' सुरू करायचे राहून गेले, तर सगळे ठीक चालले आहे असा भ्रम होतो. कर्नल, डेटाबेस आणि मोठ्या आवृत्त्या यांच्यासाठी मात्र माणूस समोर असलेला बरा.

पॅकेज व्यवस्थापकाबाहेरच्या वाटांची काळजी वेगळी घ्यावी. स्नॅप स्वतःहून नवे होत राहते. फ्लॅटपॅकसाठी 'फ्लॅटपॅक अपडेट' चालवावे. 'सुडो पिप'ने प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवू नये. साधनांसाठी 'पिपएक्स' वापरले की 'पिपएक्स अपग्रेड-ऑल' एवढेच पुरते. कंटेनरच्या आतल्या लायब्ररी यजमान यंत्राच्या अपग्रेडने बदलत नाहीत. नवी मूळ प्रतिमा ओढून, प्रतिमा पुन्हा बांधून, कंटेनर नव्याने उभा करावा लागतो. यंत्राच्या फर्मवेअरसाठी लिनक्सवर 'एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर'चे 'रीफ्रेश' आणि 'अपडेट' आहेत.

मुदत संपलेली प्रणाली

ज्या वितरणाची मुदत संपली आहे त्यावर अपडेट चालवले, तर पुष्कळदा 'काहीही नवे नाही' असे उत्तर येते आणि ते अक्षरशः खरे असते, कारण दुरुस्त्या येणेच थांबलेले असते. सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते, उबंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला पाच वर्षांचा नेहमीचा आधार असतो, आणि ओपनबीएसडीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. 'कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज' करून आपली आवृत्ती पाहावी आणि तिची मुदत संपायच्या काही महिने आधीच पुढच्या आवृत्तीवर जाण्याची वेळ ठरवावी.

ते करताना वितरणाने दिलेल्या प्रकाशन-टिपा वाचाव्यात, आधी सध्याच्या आवृत्तीतले सर्व अपडेट घ्यावेत, बाहेरची भांडारे तात्पुरती बंद करावीत, आणि डेबियनवर आवृत्त्या ओलांडून उडी न मारता एकेक पायरी चढावी. डेटाबेसकडे विशेष लक्ष द्यावे. पोस्टग्रेसची नवी मुख्य आवृत्ती बसली तरी जुना विदा आपोआप तिच्यात जात नाही; डेबियनवर त्यासाठी 'पीजी_अपग्रेडक्लस्टर' चालवावे लागते. त्याहून छुपा धोका जीलिबसीचा. तिच्या २.२८ या आवृत्तीत अक्षरांचा अनुक्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, त्यामुळे जुन्या अनुक्रमाने रचलेल्या मजकुराच्या अनुक्रमणिका नव्या लायब्ररीखाली चुकीच्या ठरल्या, आणि असलेली नोंद शोधूनही न सापडण्याचे प्रकार घडले. अशा उडीनंतर डेटाबेस वापरासाठी खुला करण्याआधीच 'रीइंडेक्स' करून घ्यावे.